पपनसाची तेरा पानं

एका राज्यात धृतवर्मा नावाचा राजा होता. त्याच्या महालाच्या सज्ज्यात दगडी कुंडीत पपनसाचं झाड होतं. एके साली झाडाची पानं पिवळी पडू लागली, आणि त्याच सुमारास राजवाड्यात विसर शिरला. स्वयंपाकी एकाच भाजीत दोनदा मीठ घाली. भालदार राजाच्या नावाऐवजी स्वतःचंच नाव पुकारी. राजा दरबारात उठून उभा राही आणि कशाला उठलो म्हणून भोवती पाही.

सज्ज्याच्या कठड्यावर एक साळुंकी येई. ती मनुष्यवाणीनं बोले, आणि खोटं तिला बोलता येत नसे. ती म्हणाली, "राजा, हा शाप आहे. झाडाचं शेवटचं पान गळेल, त्या क्षणी तू स्वतःचं नाव विसरशील."

"शाप कुणाचा? कशापायी?"

"ते झाडाला विचार."

झाडाला विचारायचं कसं, हे कुणालाच उमगेना. राजवैद्य म्हणाला, "पानांनी माना टाकल्या. झाड तहानलं आहे." पाणी घातलं. मांत्रिक म्हणाला, "दृष्ट लागली." धुरी दिली. प्रधान म्हणाला, "ऊन कमी पडतं." बारा गड्यांनी कुंडी उन्हात सरकवली. तिन्ही उपाय झाले आणि झाडावर तेराच पानं उरली.

मग गावाबाहेरच्या बागेतून येसू माळणीला बोलावलं. तिनं एक पान उलटं करून अंगठ्यानं चोळलं. कीड नव्हती, जाळी नव्हती. तिनं मातीत बोट खुपसलं, बाहेर काढून हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

"महाराज, पाणी कोण घालतं?"

"मी घालतो," राजा म्हणाला. मग थांबला. "म्हणजे, आज घातलं की नाही, आठवत नाही."

"मीही घालतो," प्रधान म्हणाला. स्वयंपाकी म्हणाला, मीही. भालदार म्हणाला, मीसुद्धा. ज्याला त्याला वाटे की आपण विसरलो, आणि जो तो पुन्हा तांब्या रिता करी.

"तहानलेलं झाड मान टाकतं, तसं बुडालेलंही टाकतं," येसू म्हणाली. "पण इतकं पाणी गेलं कुठं? कुंडीला खाली भोक आहे ना?"

आहे की नाही, कुणाला सांगता येईना. येसूनं काठी घेऊन कुंडीखाली टोचून पाहिलं. भोक होतं, पण आतून काहीतरी घट्ट बसलेलं होतं. बारा गड्यांनी झाड उपसलं. मुळ्या काळ्या, बुळबुळीत झाल्या होत्या, आणि तळाशी एक सोन्याची ताटली भोकावर झाकणासारखी बसली होती.

साळुंकी बोलली, "ज्यानं पळवली त्यानं स्वतःच्या हातांनी परत करावी."

"पळवली कुणी?" राजानं विचारलं.

"राजा, तू," साळुंकी म्हणाली.

राजाला काहीच आठवेना. कुणाची ताटली, कुठून आणली, साळुंकीलाही ठाऊक नव्हतं. ताटली उपरण्यात गुंडाळून राजा एकटाच निघाला. येसू मागं राहिली. तिनं कुजक्या मुळ्या छाटल्या, झाड कोरड्या मातीत लावलं आणि पानं मोजत बसली. नऊ उरली होती.

राजा सोनाराकडे गेला. सोनार म्हणाला, "ही माझ्या घडणीची नव्हे." देवळात गेला. पुजारी म्हणाला, "देवाची नव्हे, महाराज." तिसरं दार नदीपलीकडल्या म्हाताऱ्या जोगिणीचं होतं. भद्राक्षी तिचं नाव. ती उंबऱ्यावर रिकामे हात मांडीवर ठेवून बसली होती.

"माई, तुमचं काही हरवलं आहे का?"

"हरवलं आहे," ती गोंधळून म्हणाली. "काय, ते आठवत नाही. कुणावर तरी रागावून शाप दिला, एवढंच ध्यानात आहे. शाप माझ्याच अंगावर उलटला, बाबा."

राजा खाली बसला. "मलाही आठवत नाही. ही तुमची असेल, नसेल. पण माझी नाही. मी ही पळवली आहे, आणि मला त्याची लाज वाटते."

त्यानं ताटली तिच्या हातावर ठेवली. त्याच क्षणी राजाला सारं आठवलं. शिकारीत तो भुकेला होऊन या दारी आला होता, या ताटलीत जेवला होता, आणि म्हातारी पाणी आणायला गेली असता ताटली घेऊन पळाला होता; मग ती लपवायला झाड लावताना कुंडीच्या तळाशी ठेवली होती. त्यानं तोंड झाकून घेतलं.

भद्राक्षीलाही आठवलं. "त्या दिवशी तू वरण दोनदा मागितलं होतंस," ती म्हणाली. "ऊठ. माझा राग सरला."

राजा परतला तेव्हा फांदीवर तीन पानं होती आणि एका पेरावर हिरवा कोंब फुटला होता. त्यानं सवयीनं तांब्या उचलला.

"ठेवा तो खाली, महाराज," येसू म्हणाली. "अजून माती ओली आहे."

राजानं तांब्या ठेवला. भालदारानं राजाचं नाव पुकारलं, दरबार भरला, त्या राज्यात ज्याचं होतं ते त्याच्याकडे राहिलं. तुमच्याही घरी तसंच राहो.