पाचवी सीट

सायकलीच्या सुट्या भागांनाही जीभ होती, तेव्हाची ही गोष्ट. हेमांगीने काढून टाकलेल्या चार सीटा सायकलीशेजारच्या खोक्यात पडल्या होत्या. पाचवी आली तेव्हा त्यांनी तिला बजावलं, "हेमांगीला दुखलं की म्हणायचं, सवय होईल. एकदा का तिने पाना बाहेर काढला, की आपले दिवस भरले."

घाट चढताना हेमांगी कळवळून सीटवर सरकली. पढवलेलं वाक्य पाचवीच्या अगदी ओठांवर होतं, पण वर बसलेली बाई आपल्याहून जास्त थरथरतेय, हे तिला जाणवलं. तिने भीतभीत विचारलं, "ताई, नेमकं कुठे दुखतंय?"

"पुढे टोचतंय," म्हणत हेमांगी उतरली आणि तिने पाना काढला. पाचवीने डोळे घट्ट मिटले. नट सैल झाला, सीटचं पुढचं टोक जरासं खाली गेलं, नट पुन्हा आवळला गेला. मग हेमांगी वर बसली आणि निवांत घाट चढू लागली.

घरी परतल्यावर खोक्यातून प्रश्न आला, "पाना निघाला होता?"

"हो."

"आणि तरी तू सायकलवरच?"

पाचवीने सगळं सांगितलं. खोक्यातली सगळ्यांत जुनी सीट हळूच म्हणाली, "माझ्यावर बसून तिने दोन वर्षं सोसलं. आणि मी रोज सांगत राहिले, सवय होईल."