कनातीपलीकडचा धूर

सोनवट नावाच्या राज्यात एक राजा होता आणि त्याच्या पदरी एक आचार्य होते. जग पाहणाऱ्याच्या मनातच असतं, पाहिलं नाही तर ते नसतंच, असं आचार्य शिकवत. राजाला हे फार पटलं. पटणारच. या तत्त्वज्ञानात त्याला काही करावंच लागत नव्हतं.

दर वर्षी राजाची पालखी नगरातून निघे. रस्त्याच्या एका बाजूला बाजार आणि वैद्यांचं घर, दुसऱ्या बाजूला पाथरवटांच्या झोपड्या. राजवाड्याचे दगड याच लोकांनी घडवले होते. पालखीच्या दिवशी झोपड्यांपुढे उंच कनाती लागत. कापड ताणलं की पाथरवट नाहीत, त्यांची भूक नाही. दरबार निश्चिंत.

त्या वर्षी पालखीच्या सकाळीच हौसा पाथरवटणीच्या तरण्या लेकीला, चिमाला, साप चावला. हौसा तिला पाठीवर घेऊन कनातीपाशी धावली. शिपायाने भाला आडवा धरला.

"मागं हो. पालखी जाईपर्यंत कनातीआड कुणी नाही, असा हुकूम आहे."

"कुणी नाही, तर मग भाला कुणाला दाखवतोस?"

कनाती तपासत फिरणारे आचार्य पुढे आले. शांतपणे म्हणाले, "बाई, विष हीसुद्धा मनाची कल्पना. ज्याला कुणी पाहत नाही, ते नसतं."

"मी पाहतेय की तिला. माझं पाहणं धरत नाही का तुम्ही?"

आचार्यांच्या हाताशी कनात होती. ती त्यांनी ओढून घेतली.

चिमा दुपारी गेली. वैद्य हाकेच्या अंतरावर होते.

संध्याकाळी पालखी परतली, तेव्हा झोपड्यांमागच्या माळावरून चितेचा धूर उठला आणि कनात ओलांडून रस्त्यावर उतरला.

"हा धूर कसला?" राजाने विचारलं.

"आपल्या मनाचा भास आहे, महाराज," आचार्य म्हणाले आणि खोकू लागले.

"भास माझ्या मनाचा, आणि खोकला तुम्हाला?"

राजाला सगळं कळलं होतं. तरी त्याने पालखी थांबवली नाही. पुढच्या वर्षी कनाती दुप्पट उंच करायचा हुकूम मात्र सोडला. जे नाहीच, ते झाकायला एवढं कापड कोण लावतं?

तात्पर्य: जग मनातच असतं म्हणणाऱ्याला आधी विचारावं, कुणाच्या मनात, कारण सत्तेने डोळे मिटले की माणसं नाहीशी होत नाहीत, मारली जातात.