फाटकाला दिलेला मंत्र

“मग तो आत आला कसा?” मठाधिपती रेवणबाबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

कौस्तुभ मोबाइलवर फाटकाची नोंद पुन्हा पुन्हा तपासत होता. पुण्याची नोकरी सोडून मठात आलेला हा पठ्ठ्या. फाटक, पंप, दिवे, गोठ्यापासून स्वयंपाकघरापर्यंतचे कॅमेरे, अशा एक्केचाळीस वस्तू त्यानं मोबाइलला जोडल्या होत्या. बसल्या जागी सगळा मठ चालवायचा, आणि थोडा भावही खायचा.

काल भरदुपारी वैजयंताचा नवरा फाटक उघडून थेट स्वयंपाकघरात शिरला. त्याच्या मारहाणीला कंटाळून ती तीन महिन्यांपूर्वी मठाच्या आसऱ्याला आली होती. त्यानं कुणाला रस्तासुद्धा विचारला नाही. स्वयंपाकीण हौसाबाईनं उलथनं उगारलं म्हणून पळाला मेला. आता वैजयंता पिशवी भरून ओसरीवर बसली होती. जायला ठिकाण नव्हतं, पण इथं राहायचा धीरही उरला नव्हता.

बाबांना राग आलेला दिसत नव्हता. नवं खेळणं बघावं तसे ते छताच्या दिव्याकडे बघत होते.

“हा ऐकतो?”

“ऐकतो, बाबा.”

“आणि पंप?”

“सगळेच ऐकतात.”

“कुणाचं?”

“ज्याला परवलीचा शब्द ठाऊक, त्याचं. पण तो कुणाला कळणं शक्यच नाही.” कौस्तुभ जरा घुटमळला. “तुम्ही माझ्या कानात दिलेला मंत्रच ठेवलाय. एक्केचाळीसही ठिकाणी.”

…

बाबांनी हौसाबाईला हाक मारली आणि तिला दिलेला मंत्र कौस्तुभच्या कानात सांगायला लावला. ती बिचकली. मंत्र असा कुणाला सांगतात होय? पण आज्ञा खुद्द गुरूची. तिनं पिठाचे हात पदराला पुसले आणि कौस्तुभच्या कानाशी वाकली.

कौस्तुभचा चेहरा खर्रकन उतरला. मग गुराखी बाळकू आला. त्यानंही तेच सांगितलं.

“पण तुम्ही म्हणाला होतात, कुणाला सांगू नकोस…”

“सगळ्यांनाच म्हणतो.”

ओसरीवरून वैजयंता हळूच म्हणाली, “लग्नानंतर आम्ही नवराबायकोनीही बाबांकडून जोडीनं घेतला होता.”

तेव्हा कौस्तुभला उत्सवातलं आपलं भाषण आठवलं. मठाची किल्ली म्हणजे आपला गुरुमंत्र, असं त्यानं माइकवरून छाती फुगवून सांगितलं होतं. ते भाषण मोबाइलवर गावोगाव फिरलं होतं. म्हणजे कॅमेराही त्या माणसाचं ऐकत होता. किती दिवस तो वैजयंताला कणीक मळताना बघत असेल, देव जाणे. इतकी लाज कौस्तुभला जन्मात वाटली नव्हती.

स्वयंपाकघरातला कॅमेरा काढून टाकून तो मोबाइल घेऊन खाली बसला, तो दिवस कलेपर्यंत उठला नाही. बाकी प्रत्येक वस्तूला वेगळा शब्द दिला. मग बाबांसमोर येऊन उभा राहिला.

“झालं, बाबा. एकासारखा दुसरा नाही. वैजयंताताईंना सांगू का, की आता कुणीच आत येऊ शकत नाही?”

बाबांनी ओसरीवरच्या भरलेल्या पिशवीकडे पाहिलं.

“तसं नको सांगूस. आजपासून फाटकाशी तू झोपतोस, एवढं सांग.”