स्तोयनाचा उंबरा

उत्तर मॅसेडोनियाच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत क्रुशिना नावाचे एक लहानसे गाव आहे. गावात शिरताना डाव्या हाताला एक उंबरा लागतो. नुसता उंबरा. त्याच्या मागचे घर केव्हाच पडले, भिंतींचे दगड लोकांनी कुंपणाला नेले, आणि जिथे चूल होती तिथे आता अक्रोडाचे झाड वाढले आहे. उंबऱ्याचा दगड मात्र कुणी हलवलेला नाही, कारण त्याच्या खालून पाणी येते. मनगटाएवढी धार, बारा महिने, दात शिवशिवतील इतकी गार. रस्त्याच्या कडेकडेने ती उताराला लागते आणि खालच्या वळणावरच्या जंगली नासपतीच्या झाडापर्यंत जाते.

मंदाकिनी शेटे या गावात आल्या तेव्हा सफरचंदे उतरली होती आणि घरोघरी लाल मिरच्यांच्या माळा वाळत होत्या. खरे तर घरोघरी म्हणायलाही घरे फार उरली नव्हती. जुन्नरहून निघताना त्यांनी "मॅसेडोनियाला चाललेय" म्हटल्यावर शेजारच्या बाईंनी विचारले होते, "हे कुठल्या गोळीचं नाव?" परदेश पाहायचा तर लोक लंडन-पॅरिस पाहतात, ही बाई साठी उलटल्यावर एकटी कुठे भलतीकडे चालली, असा आळीत सूर होता. मंदाकिनीबाईंनी तो ऐकून सोडून दिला. यजमान गेल्यापासून घरात बोलणारे कुणी नव्हते, तेव्हा आपली भाषा न बोलणाऱ्या देशात जायला कशाची भीती, असा त्यांचा सरळ हिशेब होता. निघायच्या पहाटे कुलूप त्यांनीच लावले, दोनदा ओढून पाहिले, किल्ली पिशवीत टाकली आणि रिक्षात बसल्या. दारात उभे राहायला मागे कुणी नव्हते.

क्रुशिनात त्या नौमबाबांकडे उतरल्या होत्या. नौमबाबांनी उमेदीची वर्षे मेलबर्नमध्ये विटा रचण्यात घालवली आणि म्हातारपणी गाव गाठले. त्यांचे आणि मंदाकिनीबाईंचे इंग्रजी सारखेच लंगडे असल्यामुळे दोघांच्या गप्पा छान जमत. दुसऱ्या दिवशी दुपारी फिरून दमलेल्या मंदाकिनीबाईंनी त्या धारेवर हातपाय धुतले आणि त्या उंबऱ्याच्या दगडावर टेकणार, एवढ्यात मागून नौमबाबांचा आवाज आला.

"तिथं नको बसूस, पोरी."

त्या चटकन उठल्या. "चुकलेच. आमच्याकडेही उंबऱ्यावर बसू देत नाहीत."

"देत नाहीत? मग तुला सांगायला हरकत नाही," म्हणत नौमबाबा शेजारच्या कुंपणाच्या दगडावर बसले आणि त्यांनी काठी दोन गुडघ्यांत धरली. जे सांगायचे ते त्यांनी असे सांगितले.

फार पूर्वी क्रुशिनाला स्वतःचे पाणी नव्हते. खालच्या दरीतल्या नदीवरून गाढवाच्या पाठीवर लाकडी बुधले लादून पाणी आणावे लागे. जमीनही अशीतशीच, म्हणून गावचे पुरुष गवंडीकाम शिकले. वसंतात संत गॉर्गींचा सण झाला की ते हत्यारांची पिशवी खांद्याला लावून परमुलखात जात आणि बर्फ पडण्याआधी, संत मित्रींच्या सणाला, परत येत. जाणाऱ्याच्या मागे घरची बाई सुरईतले पाणी वाटेवर ओतत असे. पाणी जसे अडथळा आला तरी वाट काढते, तशी त्याला वाट मिळो. आणि ज्या वाटेने तो गेला तिनेच घरी येवो. पाण्याशिवाय निघालेल्या माणसाला वाट परत आणत नाही, अशी गावाची श्रद्धा होती.

या घरात स्तोयना नावाची विधवा राहत असे. तिचा नवरा परमुलखात परांचीवरून पडून गेला, त्याची पिशवी तेवढी घरी आली. एकच मुलगा, ग्लिगोर. तो मोठा झाला आणि एका वसंतात बापाची तीच पिशवी त्याने खांद्याला लावली. स्तोयनाने विनवले, ती रडली, दोन दिवस तिने चूल पेटवली नाही. पण पोर ऐकेना. आणि मग म्हणे तिच्या मनात एक विचार आला, जो क्रुशिनाच्या बाईशिवाय दुसऱ्या कुणाच्या मनात येणार नाही. पाणी ओतलेच नाही, तर वाट उघडणार नाही. वाट उघडली नाही, तर तो जाणार कसा?

ग्लिगोर निघाला तेव्हा घरोघरच्या बाया सुरया घेऊन बाहेर आल्या. स्तोयनाने दार लावून घेतले आणि भरलेली सुरई पोटाशी धरून ती दाराआड उभी राहिली. फटीतून तिला वाट दिसत होती. ग्लिगोर नासपतीच्या झाडापाशी पोचला आणि वळून उभा राहिला. सगळ्यांच्या मागे वाट ओली झाली होती, त्याच्या मागे कोरडी होती. तो वाट पाहत होता. बाकीचे पुढे गेले तरी तो उभाच होता, आणि दाराआड स्तोयना मनात म्हणत होती, आता येईल, आता माघारी फिरेल. मग त्याने पिशवी सरळ केली आणि तो वळणाआड गेला.

तेव्हा ती दार उघडून धावली. अनवाणी, सुरई सांडत, नासपतीपर्यंत धावली. वळणापलीकडे कुणी नव्हते. उरलेसुरले पाणी तिने त्या रिकाम्या वाटेवर ओतले, पण जाणाऱ्याची पाठ दिसेनाशी झाल्यावर ओतलेले पाणी कुणाच्याच नावाचे नसते, असे म्हातारे सांगतात.

संत मित्रींच्या सणाला गवंडी परत आले. ग्लिगोर त्यांच्यात नव्हता. एका मोठ्या नदीपाशी तो आमच्यापासून वेगळा झाला, आणखी पुढे काम आहे म्हणाला, एवढेच त्यांनी सांगितले. पुढच्या वर्षी तेवढेही सांगणारे कुणी नव्हते. स्तोयना रोज संध्याकाळी उंबऱ्यात उभी राही. लोक म्हणत, बाई गं, तुझा काय दोष, मुले अशीच असतात. आपण काय केले ते तिला माहीत होते. जायची वाट अडवायला गेलो आणि यायची अडवून बसलो, हे तिला उठता बसता खात होते.

अशी बरीच वर्षे गेली. मग एक हिवाळा बर्फावाचून गेला. उन्हाळ्यात दरीतली नदी आटून डबक्यांवर आली. गावच्या मुखियाने दर घराला दिवसाला एक सुरई पाणी ठरवून दिले आणि दवंडी पिटवली, की कुणीही कुणाच्याही मागे पाणी ओतायचे नाही. ओतेल त्याला दुसऱ्या दिवशीचे पाणी मिळणार नाही. मुखिया वाईट माणूस नव्हता. त्याला लहान नातवंडे होती आणि त्यांच्या जिभा कोरड्या पडल्या होत्या.

त्याच दिवसांत एके संध्याकाळी एक परका माणूस डोंगर उतरून गावात आला. कुठला, कोण जाणे. त्याची भाषा कुणाला कळेना, कपडे कुणी पाहिलेले नव्हते. पाहुणा म्हणजे पाणी, म्हणून त्याला पाहून दारे लागली. त्या माणसाने एकेक दार वाजवले आणि शेवटी तो इथे, या उंबऱ्याशी आला. स्तोयनाने दार उघडले. तिने त्याला पाणी दिले, भाकरीचा तुकडा दिला, ओसरीवर घोंगडी टाकून दिली. सकाळी तिच्या वाट्याची सुरई आली, त्यातलेही तिने त्याला प्यायला दिले. त्याने छातीवर हात ठेवून मान लववली आणि तो निघाला.

नासपतीच्या झाडापाशी तो वळून उभा राहिला.

आता तो का वळला, कुणी सांगावे. वाटसरू वळतातच. स्तोयनाला मात्र तिथे ग्लिगोर दिसला, असे काहीजण सांगतात. माझी आई म्हणायची, तसे काही नाही, स्तोयनाची नजर शाबूत होती. तो परकाच आहे हे तिला पुरते ठाऊक होते. तिने सुरई उचलली, ती उंबऱ्यात उभी राहिली आणि दिवसभराचे उरलेले सगळे पाणी, तळाच्या थेंबापर्यंत, तिने त्याच्यामागे वाटेवर ओतले. तो बघत होता. मग हात उंचावून तो वळणाआड गेला.

सगळ्या गावाने ते पाहिले. मुखिया धावत आला.

"स्तोयना! अगं, पोरं तहानेनं रडताहेत, आणि तू एका परक्यासाठी?"

स्तोयना म्हणाली, "त्याच्या गावीही दाराआड कुणी उभं राहिलं असेल. त्याला बिचाऱ्याला कोण ओतणार?"

आणि मग इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिने सगळ्यांसमोर सांगितले, की ग्लिगोर गेला त्या दिवशी सुरई भरलेली होती. बाया डोक्यावरच्या रुमालाचे टोक तोंडाला लावून ऐकत राहिल्या. पण दवंडी ती दवंडी. दुसऱ्या दिवशी स्तोयनाच्या दाराशी पाण्याचे गाढव थांबले नाही. शेजारणींनी चोरून वाटीभर देऊ केले, ते तिने घेतले नाही. ते तुमच्या पोरांचे, म्हणाली. ओठ फुटले, जीभ टाळूला चिकटली. संध्याकाळी ती सवयीने उंबऱ्यात येऊन बसली आणि तिथेच तिचा डोळा लागला.

जाग आली ती पायांना ओल लागली म्हणून. उंबऱ्याखालची माती भिजली होती. तिने नखांनी उकरली, तर ओल वाढली. मग लोक आले, पहारी आल्या, आणि उजाडता उजाडता दगडाखालून पाणी खळाळत बाहेर पडले. ते थेट वाटेला लागले आणि नासपतीपर्यंत गेले. मुखियाने टोपी काढली आणि तो मुलासारखा रडला. पहिली सुरई त्याने आपल्या हाताने भरून स्तोयनाला दिली. ती घोटभर प्यायली आणि बाकीची तिने दारामागे ठेवून दिली. म्हणाली, "कुणीतरी जाईल."

नौमबाबा थांबले. पाणी वाहत होते. मंदाकिनीबाईंना राहवेना.

"आणि ग्लिगोर? तो आला का?"

"पाद्रीबाबा सांगतात, आला. त्याच वर्षी, संत मित्रींच्या सणाला. केस पिकलेले, खांद्याला बापाची पिशवी. इथं ओणवून पाणी प्याला म्हणे. सणाच्या दिवशी सांगायला ते बरं असतं. मुलं टाळ्या वाजवतात."

"तुम्हाला काय वाटतं?"

नौमबाबांनी काठीने पाण्यातले एक पान बाजूला केले. "माझी आई म्हणायची, नाही आला. तो आला असता, तर स्तोयनानं दुसऱ्या दिवशी सुरई फडताळात ठेवली असती, आणि दार लावून पोराला जेवायला वाढलं असतं. तो आला नाही, म्हणून ती मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक परक्याच्या मागं ओतत राहिली. मरताना गावाकडून शब्द घेतला, की मी गेल्यावरही या उंबऱ्यातून परक्यांच्या मागं कुणीतरी ओतत राहा." मग जरा वेळाने म्हणाले, "मी मेलबर्नला निघालो तेव्हा आई इथंच उभी होती. मी परत आलो. ती तोवर राहिली नव्हती. पण वाटेनं मला आणलं."

मंदाकिनीबाईंनी वाकून धारेचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्या घोटभर प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निघाल्या. खालच्या फाट्यावर बस येणार होती. नौमबाबा सुरई घेऊन उंबऱ्याशी येऊन थांबले होते.

"गावात ओतायला बायका उरल्या नाहीत," ते म्हणाले, "म्हणून हे काम माझ्याकडं आलंय. नासपतीपाशी वळून बघ बरं का. न बघता गेलीस तर मला इथंच उभं राहावं लागेल, आणि माझे गुडघे दुखतात."

बाई हसल्या. उतार उतरताना त्यांच्या डोळ्यांसमोर जुन्नरचे आपले बंद दार आले, दोनदा ओढून पाहिलेले कुलूप आले. नासपतीच्या झाडापाशी त्या थांबल्या आणि वळल्या. वर उंबऱ्यात तो वाकलेला म्हातारा उभा होता. त्याने दोन्ही हातांनी सुरई उचलली आणि ओतली. दगडावर पाणी चमकले, वाट ओली झाली. इतक्या लांबून ऐकू जाणार नाही आणि गेले तरी कळणार नाही, हे ठाऊक असूनही मंदाकिनीबाई मराठीतच मोठ्याने म्हणाल्या, "येते हं!"

वर म्हाताऱ्याने हात उंचावला.

क्रुशिनात आजही परका पाहुणा जायला निघाला, की घरातल्या माणसाआधी त्याच्या मागे पाणी ओततात, आणि तो नासपतीपाशी वळून बघेपर्यंत उंबऱ्यातले माणूस आत जात नाही.