मुजावरांचं देणं

"पण अप्पाजी, मी जिंकलो. मग तुम्ही गप्प का?"

चन्नाप्पा मंगसुळे मठाच्या ओसरीवर बसला होता. इचलकरंजीत त्याचा सायझिंगचा कारखाना. विणायच्या आधी सुताला खळ लावून द्यायची, हा धंदा. त्या दिवशी तो खुशीत होता. आयकराचं अपील त्याच्या बाजूनं लागलं होतं, आणि ही बातमी वकिलाच्या आधी गुरूला सांगायची म्हणून तो थेट नदीकाठच्या या मठात आला होता.

अप्पाजी शेंगा फोडत होते.

"नीट सांग," ते म्हणाले. "मला कायद्यातलं कळत नाही."

चन्नाप्पानं सांगितलं. कुरुंदवाडचे दस्तगीर मुजावर खळीचा स्टार्च पुरवायचे. एका वर्षी माल दमट निघाला, निदान चन्नाप्पाला तसं वाटलं, आणि त्यानं बिलाचे सहा लाख अडकवून ठेवले. भांडण मिटायच्या आत मुजावरांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांचं दुकान बंद पडलं. पैसे तसेच राहिले.

"त्या मालाचा खर्च मी तेव्हाच दाखवला होता. नफा तेवढा कमी, कर तेवढा कमी. आता आयकराचे साहेब म्हणाले, हे देणं तुम्ही कधी देणार नाही. म्हणजे ते संपलं. म्हणजे ते तुमचं उत्पन्न. भरा कर."

"मग?"

"मी लेखी दिलं. देणं संपलेलं नाही. मला मान्य आहे. आज ना उद्या देणारच आहे." चन्नाप्पा हसला. "अपिलात ते मानलं. कर माफ."

"मुजावरांच्या घरचं कुणी आलं होतं का पैसे मागायला?"

"मुलगी आली होती. जरीना. दोन वर्षं झाली."

"तिला काय सांगितलंस?"

चन्नाप्पानं एक शेंग उचलली.

"दाव्याची मुदत गेली म्हणून सांगितलं. आता कुठलंही कोर्ट वसूल करून देणार नाही."

"तिकडे आहे म्हणालास. इकडे गेलं म्हणालास."

"दोन्ही कायद्यानं बरोबर आहे, अप्पाजी! दावा बुडतो, देणं बुडत नाही. वकिलाला विचारा."

"असेल..."

अप्पाजी उठले. ओसरीच्या पायरीपाशी चन्नाप्पाच्या चपला होत्या. त्यांनी त्या स्वतःच्या हातानं उचलल्या, वळवल्या आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या.

चन्नाप्पा ताडकन उठला. गुरूनं आपल्या चपलांना हात लावावा, हे त्याला सहन होईना. त्यानं त्या पायांत घातल्या आणि निघाला.

त्याच आठवड्यात तो कुरुंदवाडला गेला.

जरीना उर्दू शाळेत शिकवते. दारात चन्नाप्पाला बघून तिनं ओढणी सावरली आणि खुर्ची पुढे केली. भिंतीवर दस्तगीरभाईंचा फोटो होता, खाली मृत्यूची तारीख. ते गेल्याचं चन्नाप्पाला ठाऊक नव्हतं.

त्यानं चेक पुढे केला. पुरे सहा लाख. आकडा तिनं वाचला आणि चेक परत त्याच्यापुढे सरकवला.

"नको, काका."

"तुझ्या हक्काचे आहेत."

"तेव्हा अब्बांच्या उपचारांना हवे होते. जागा विकून भागवलं. आता यातलं काही घरात आणलं, तर रोज तेच आठवेल." ती रागावली नव्हती. शाळेची वेळ झाल्यासारखी बोलत होती. "भाऊ नाही, आई नाही. वारस मी एकटीच. मी सोडले म्हणते. लिहून हवं का?"

नको म्हणायचं चन्नाप्पाच्या मनात होतं. पण इतक्या वर्षांच्या धंद्यातल्या सवयीनं हात पुढे गेला.

तिनं लिहून दिलं. सही केली. चहाचं विचारलं नाही.

संध्याकाळी तो पुन्हा ओसरीवर होता. या वेळी आवाज खाली होता.

"अप्पाजी, तिनं घेतले नाहीत. सोडले म्हणाली. लेखी दिलं."

"बरं."

"आता मात्र देणं खरंच संपलं. कायद्यानं आता हे माझं उत्पन्न. अपील जिंकूनही कर भरावा लागणार."

"मग भर. कमाई झाली की भरायचाच."

"कमाई?" चन्नाप्पा पुढे सरकला. "यात मी काय कमावलं?"

अप्पाजी ओसरीवरचा दिवा लावू लागले. नदीपलीकडच्या यंत्रमागांचा आवाज येत राहिला...

"सांगा ना, अप्पाजी."

"कर भर," अप्पाजी म्हणाले. "फक्त ही कमाई कुठल्या धंद्यातली, ते विचार करून लिही."