हैबतीचं पाणी

नदीवर अजून पूल झाला नव्हता, पलीकडे जायचं तर काठावरून भोयाला हाक मारावी लागायची, त्या काळातली ही गोष्ट. मांजरवाडीत हैबती नावाचा भोई राहायचा. त्याच्यासारखी मरळ पंचक्रोशीत कुणाला मिळत नसे. तो नुसता काठावर बसला तरी मासे आपणहून गळाला येतात, असं म्हणत. तसं काही नव्हतं. हैबतीला मरळीची खोड ठाऊक होती, इतकंच.

मरळ पाण्याबाहेर तोंड काढून श्वास घेते. पावसाळ्यात पाणगवतात घरटं करून अंडी घालते. पिलं निघतात ती लाल, आणि सगळी एका घोळक्यानं हिंडतात, पाण्यावर कुंकू सांडल्यासारखी. त्या घोळक्याखाली नर राखणीला असतो. त्याला खाण्यापिण्याची शुद्ध नसते. पण पिलांत गळ सोडला, की तो रागानं त्याच्यावर तुटून पडतो आणि अडकतो. हैबती लाल घोळका हुडकायचा आणि नेमका तिथंच गळ सोडायचा.

त्या वर्षी त्याची बायको ठकूबाई बाळंत झाली. मुलगी झाली, पण ठकूबाईचं रक्त फार गेलं. तिला उठून बसवेना, अंगावर दूध येईना. सुईण म्हणाली, "हैबती, मरळीचा रस्सा पोटात गेला तर उठंल ती." हैबती तसाच डोहावर धावला आणि हातभर लांब मरळ घेऊन आला.

रस्सा झाला, वाडगा पुढे आला. वासानंच ठकूबाईनं डोळे उघडले. पण तीही भोयाचीच लेक.

"आवं, पिलांखालचा न्हवं ह्यो?" तिनं विचारलं.

हैबतीला खोटं बोलता आलं नाही.

"मग त्येंच्याकडं आता कोन बगंल?" तिनं वाडगा बाजूला सारला. "तुमी तितं जाऊन हुबं ऱ्हावा. तवाच मी खाईन."

"येडी का काय तू? मासळीची राखण मानूस करतंय व्हय?"

"माझ्या लेकीपायी त्येंचा बाप गेला. जावा."

हट्टी बाई! पण बायको मरणाच्या दारात असताना वाद कोण घालणार? हैबती डोहात उतरला आणि कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. सुईणीनं दारातून पाहून तसं सांगितलं, तेव्हा कुठं ठकूबाईनं पहिला घोट घेतला. मग रोजचंच झालं. तिकडे तो पाण्यात उतरला, की इकडे ती जेवायची.

पिलं आधी बिचकली, मग त्याच्या पायांभोवती जमली. खंड्या झेपावला की हैबती हात उगारायचा, पाणसाप आला की पाणी बडवायचा. काठावरची माणसं चेष्टा करायची, "हैबती, दूधबी पाजतोस काय रं?" त्याला हसू येत नसे. ज्यांचा बाप आपण मारला ती आपल्यालाच बिलगतात, या विचारानं त्याला रडू यायचं.

एके दिवशी वरच्या अंगाला मोठा पाऊस झाला आणि नदी फुगली. पाणी छातीला लागलं, गळ्याला लागलं. लोक ओरडले, "भाईर ये रं!" हैबती हलला नाही. पाणी डोक्यावरून गेलं, तेव्हा तो मरळीसारखा मधून मधून तोंड वर काढून श्वास घेत राहिला. त्याच्या पाठीमागं बाजेएवढं पाणी निवांत राहिलं आणि त्यात सगळी पिलं वाचली, असं म्हणतात. पूर ओसरला तेव्हा त्याच्या पायांना खवले आले होते, असंही म्हणतात. खवल्यांचं ज्यानं त्यानं ठरवावं.

पुढे पिलांचा रंग काळपट झाला, घोळका फुटला, जो तो आपल्या वाटेनं गेला. त्या दिवशी ठकूबाई लेकीला छातीशी धरून, स्वतःच्या पायांनी चालत काठावर आली. "चला आता," एवढंच म्हणाली. हैबतीनं पुन्हा कधी पिलांवर गळ सोडला नाही.

आजही मांजरवाडीत लाल घोळका दिसला, की काठावर काठी रोवून तिला बाळाचं दुपटं बांधतात. मग तिथं कुणी गळ टाकत नाही. आणि ज्याच्या घरी मूल जन्मतं, तो बाप सकाळी डोहात जाऊन उभा राहतो. त्याला हैबतीचं पाणी म्हणतात. अलीकडे मरळी फार कमी झाल्यात. कित्येकदा डोहात एकही लाल पिलू नसतं. तरी बाप उभा राहतोच, कारण घरी बाळंतीण ताटावर बसून थांबलेली असते.