एका उंबरापुरती फट

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. गळ्याची शपथ, मी ती या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे, पाहिली असं नाही म्हणता येणार. ती घडली त्या राज्यात माणसांना मज्जाव होता, आणि मी बऱ्यापैकी माणूस आहे. पण ज्यानं पाहिली त्यानं मला सांगितली आणि तो खोटं बोलत नाही. एरवी बोलतो, या गोष्टीपुरता नाही.

तर त्या राज्यात संसार भिंतीपासून सुरू होत असे. राज्य उंच झाडांचं आणि प्रजा थोराड चोचीच्या पाखरांची. जोडी जमली की दोघं मिळून एखादी जुनी ढोली शोधत. ती आत जाऊन बसे. मग तो बाहेरून आणि ती आतून, चिखल, फळांचा चोथा आणि आणखी जे काही चोचीला लागेल ते कालवून ढोलीचं तोंड लिंपून टाकत. मध्ये एक उभी फट तेवढी ठेवत. पोर मोठं होईपर्यंत ती आत, तो बाहेर. पोराला सापापासून आणि घोरपडीपासून जपायचं तर दुसरा इलाज नव्हता. रीत इतकी जुनी होती की तिच्याबद्दल तक्रारही करता येते, हे कुणाला सुचलंच नव्हतं.

पाखरू ज्या झाडावर जन्मे त्या झाडाचं नाव त्याला मिळे, पण तेही ढोलीबाहेर पडल्यावर. तोवर ते नुसतं 'पोर'.

ऐनोबा आणि किंजळ हे या राज्यातलं एक जोडपं. लग्नाआधी त्यांचा एक खेळ रानभर माहीत होता. तो पिकलेलं उंबर तिच्या चोचीत द्यायचा. ती ते न खाता त्यालाच परत द्यायची. तो पुन्हा तिला. असं करता करता उंबराचा लगदा होऊन खाली पडायचा. दोघं उपाशी राहायची आणि दिवसभर त्याच खुशीत असायची. त्यांच्या झाडाच्या शेंड्याला एक शेकरू राहत असे. तिची घरटी ठिकठिकाणी होती आणि एकाही घरट्यात नवरा नव्हता, म्हणून संसारातलं तिला सगळंच समजे. ती म्हणायची, "चांगलं चाललंय. अजून भिंत कुठे झालीय!"

भिंत झाली. पोर झालं. पोराला भूक झाली.

ऐनोबा पहाटे निघे, गळ्यात उंबरं भरून आणी आणि फटीतून एकेक आत देई. आत पोर किंचाळत असे, त्यामुळे किंजळ उंबर घेई ते जवळजवळ हिसकावूनच. शेवटचं आत गेलं की तो वळे. उंबर आता एकाच बाजूला जात होतं. खेळ कधी थांबला ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

"अहो, आज उशीर झाला."

"वारा होता."

"आत नव्हता हो वारा. आत कधीच नसतो."

"मग बरंच आहे की. बसल्या जागी मिळतंय."

"बसल्या जागी! या, बसा एक दिवस."

"आणि उंबरं कोण आणणार? शेकरू?"

"मला मध्ये ओढू नका," शेकरू वरून म्हणाली, आणि नीट ऐकू यावं म्हणून एक फांदी खाली उतरली.

भिंतीची डागडुजी रोज करावी लागे. पण हल्ली असं होई की बोलाचाली झाली की ऐनोबा जाता जाता बाहेरून चिखलाचा एक जादा थर देई. विचारलं तर म्हणे, साप येतात. किंजळही आतून एक थर देई. विचारलं तर म्हणे, झुळूक लागते. दोघांचंही खरं होतं. साप येत होते, झुळूक लागत होती. फट मात्र रोज जरा जरा अरुंद होत होती. मोठी उंबरं जाईनाशी झाली, तेव्हा ऐनोबा लहान आणू लागला. मग लहानही दाबून द्यावी लागली.

त्यातून पोराला एक खोड लागली. आई-बाप फटीशी बोलू लागले की ते चोच मिटून घेई आणि मान पोटाशी खुपसून कोपऱ्यात बसे. बोलणं संपेपर्यंत उंबर कितीही पुढे केलं तरी ते घेत नसे. शब्द त्याला समजत नव्हते, आवाज समजत होता. त्याचं किंचाळणं दिवसेंदिवस बारीक झालं. किंजळनं ते पोटाशी घेतलं तर छातीचं हाड तिला टोचू लागलं. हे पोर उडायच्या आधीच जाणार, हे तिला कळत होतं, आणि बाहेर ऐनोबालाही कळत होतं. दोघं ते एकमेकांना सांगत नव्हती.

एके दिवशी सकाळी ऐनोबाला उंबर मिळालं ते लालभडक, रसानं तडकायला आलेलं. असलं फळ पोटात गेलं तर पोर उठेल, असं वाटून त्यानं बाकीची सगळी सोडली आणि तेवढं एक आणलं. फटीत घातलं. अर्धं गेलं आणि अडकलं. फट पुरती बुजली. आत काळोख झाला.

"ओढ की!"

"ओढतेच आहे. तुम्हीच ढकलत नाही."

"ढकलत नाही? चोच मोडायची वेळ आलीय माझी!"

"हो, मोडते ती तुमचीच. आम्ही इथे लोण्यात लोळतोय."

"जरा हळू," शेकरू म्हणाली, "फळ फुटेल."

कुणी हळू केलं नाही, पण दोघंही दमली. चोची उंबरावर तशाच टेकलेल्या, एक आतून, एक बाहेरून. पोराचा आवाज बंदच झाला होता. त्या शांततेत किंजळला उंबरापलीकडून ऐनोबाचा श्वास ऐकू आला. उंबरांनी भरलेल्या गळ्याचा श्वास तिला ओळखता येत असे. हा रिकाम्या पोटाचा होता.

"अहो," ती म्हणाली, "आज काही खाल्लंत?"

त्यानं उंबरावरची चोच जरा सरकवली.

"काल?"

"पोराचं होऊ दे आधी."

किंजळनं चोच उंबराला लावली आणि ते बाहेर ढकललं. "हे तुम्ही खा."

"वेडी आहेस का? पोरासाठी आणलंय!" त्यानं आत ढकललं.

"तुम्ही पडलात झाडावरून तर पोराला कोण आणून देईल?" बाहेर.

"आणि तू काय वाऱ्यावर जगतेस? तू खा अर्धं." आत.

"मी नाही. तुम्ही."

"तू."

"तुम्ही, म्हणते ना!"

उंबर आत आलं, बाहेर गेलं, आत आलं. भांडण केव्हा संपलं आणि खेळ केव्हा सुरू झाला ते शेकरूलाही कळलं नाही, आणि ती तर टक लावून बसली होती. इतकंच झालं की कोपऱ्यातल्या पोरानं मान वर काढली आणि एक आवाज केला. तो भुकेचा नव्हता. शेकरूच्या मते ते हसलं. तेवढ्यात वाळलेल्या लिंपणाला तडा गेला, निम्मी भिंत ढासळली आणि ते लालभडक उंबर खाली जाऊन दगडावर फुटलं.

भोकातून किंजळ बाहेर आली. किती दिवसांनी दोघांनी एकमेकांना अख्खं पाहिलं.

"तुमच्या चोचीचा पिवळा रंग कुठे गेला हो?"

"शेपटीजवळचं तेल चोळायला वेळ कुठे मिळाला? आणि तुझी ती लांब पिसं?"

"गळली. आत आहेत. पोराच्या अंगाखाली घातलीत. ही नवी येतायत, बघा."

ऐनोबानं पाहिलं. त्याला तर वाटत होतं की ती आत नुसती बसून होती. आणि तिला वाटत होतं की हा बाहेर नुसता उडत होता.

तेवढ्यात दोघांना एकदमच आठवलं: भिंत पडलेली, पोर उघड्यावर.

"मी जाते आत," किंजळ म्हणाली.

"थांब, मी चिखल आणतो."

"म्हणजे पुन्हा तेच ना?"

दोघं तिथेच थबकली. आणि आत काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. पोर उठून उभं होतं. पायाखालचा चोथा त्यानं चोचीनं कालवला, एक गोळा उचलला आणि भोकाच्या कडेला थापला. मग दुसरा. काम ओबडधोबड होतं, पण थांबत नव्हतं.

"अहो, ते आपल्याला बाहेर ठेवतंय! रागावलंय का हो ते?"

"अगं, फट बघ आधी."

पोरानं मध्ये फट ठेवली होती. तिच्यातून त्यानं चोच बाहेर काढून पाहिली, एक बाजू खरवडून जरा रुंद केली, पुन्हा पाहिली. मघाशी अडकलं तसलं एक मोठं, लालभडक उंबर जाईल, एवढी. मग चोच उघडून ते थांबलं.

दोघं एकदमच उंबराच्या झाडाकडे उडाली. किंजळचे पंख अजून कोवळे होते, म्हणून ऐनोबा सावकाश उडत होता, आणि ते तिच्या लक्षात येऊ नये म्हणून इकडेतिकडे बघण्याचं नाटक करत होता. परत आली तेव्हा दोघांचेही गळे भरलेले होते. पोर पहिल्यांदा पोटभर जेवलं.

आता कबुली देतो. यातलं थोडं मी रचलं. शेकरं बोलत नाहीत, पाखरं 'अहो' म्हणत नाहीत, नावं माझी आहेत. ते मोठं उंबर अडकवलं तेही मीच. त्याशिवाय ती दोघं दमून थांबतील असं दिसेना. पण पोरानं आतून लिंपलेली ती भिंत माझी नाही. तिला मी हात लावलेला नाही. एवढं मला कुठून सुचणार? मी फक्त ती पाहणाऱ्याचा, आणि त्याहून जास्त त्या पोराचा, आभारी आहे.

त्या संध्याकाळी ढोलीसमोरच्या फांदीवर दोघं खेटून बसली होती. शेवटचं एक उंबर उरलं होतं. ते इकडून तिकडे जात होतं, तिकडून इकडे येत होतं. भिंतीच्या फटीतून एक गोल डोळा ते बघत होता. बघता बघता तो हळूच बाजूला झाला, आणि आतून पुन्हा लिंपण्याचा आवाज येऊ लागला. फट तेवढीच राहिली.